नसलेल्या टेपची गोष्ट

गेल्या महिन्यात एका मित्राच्या कंपनीसाठी क्लाउडवर टेप लायब्ररी उभी करून दिली. सगळं जमल्यावर 'इजेक्ट'चं बटण दाबलं आणि सवयीने माझा हात पुढे झाला. टेप घ्यायला. अर्थात तिथे टेप नव्हतीच!

२००२ च्या सुमारास पुण्यात नोकरीला होतो तेव्हा दर शनिवारी सकाळी टेप काढायची, तारखेची चिठ्ठी लावायची आणि स्कूटरच्या डिकीत टाकून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून यायचं, हे माझं काम. एकदा हिशेबाचा सर्व्हर बसला. टेप आणली, लावली... आणि हिशेबाचं फोल्डर त्यात नव्हतंच. सहा महिने रोज 'बॅकअप यशस्वी' असं छापून येत होतं, पण काय-काय घ्यायचं ती यादीच अपुरी होती. यादी मीच केली होती. नंतर पाच-सहा जण रात्री जागून कागदावरून आकडे भरत बसले. त्यांचे चेहरे अजून आठवतात.

असो. टेपची गोष्ट मात्र त्याहून पुष्कळ जुनी. १९५१ च्या युनिव्हॅकची टेप चक्क धातूची होती. १९५२ मध्ये आयबीएमने ७२६ हा ड्राइव्ह आणला, तो प्लास्टिकच्या फितीचा. एका रिळावर जेमतेम २ एमबी! १९८४ मध्ये तळहातावर मावणाऱ्या कार्ट्रिजवर २०० एमबी आले, १९९५ मध्ये १० जीबी.

आणि इथेच पंचाईत झाली. मेनफ्रेमवरचे जुने प्रोग्रॅम एखादी छोटी फाइल लिहून टेप सोडून द्यायचे. बाकीची टेप रिकामीच. प्रोग्रॅम बदलावेत, तर वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेल्या कामांना हात कोण लावणार? म्हणून १९९७ च्या सुमारास आयबीएमने मधे डिस्क घातली. प्रोग्रॅमला वाटायचं आपण टेपवर लिहितोय. लिहिलं जायचं डिस्कवर, आणि मग अशा कितीतरी आभासी टेपा एकाच खऱ्या टेपवर दाटीवाटीने बसवल्या जायच्या. पुढे काही ठिकाणी मागची खरी टेपही गेली. २०१३ मध्ये ॲमेझॉनने हेच सोंग क्लाउडवर नेलं. बॅकअपच्या सॉफ्टवेअरला दहा ड्राइव्ह दिसतात, टेपा बदलणारा यांत्रिक हात दिसतो, प्रत्येक टेपला बारकोडसुद्धा असतो. टेप 'बाहेर काढली' की ती स्वस्तातल्या साठ्यात जाते आणि तिथून परत मागवायला काही तास थांबावं लागतं. लॉकरची आठवण यावी असंच!

पण सोंग घेताना मूळ गुण हरवला तर?

फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या काही ग्राहकांची पत्रं गायब झाली. प्रती एकाहून अधिक डेटा सेंटरांत होत्या, पण सॉफ्टवेअरमधल्या एकाच दोषाने त्या सगळीकडे पुसल्या गेल्या. पत्रं परत आली ती टेपवरून. टेपा कशालाच जोडलेल्या नव्हत्या, म्हणून वाचल्या.

टेपचं खरं मोल ते होतं. ती हाताशी नसायची. क्लाउडवरची टेप मात्र, पासवर्ड चोरणाऱ्याच्या थेट हाताशी असू शकते. म्हणून मित्राकडे मी टेपांना मुदतीचं कुलूप लावलं, की ठरलेल्या काळात त्या कुणालाही, अगदी मालकालाही, पुसता येऊ नयेत. क्लाउडचं खातंही वेगळं ठेवलं, रोजच्या कामाच्या लॉगिनने तिथे पोचताच येत नाही.

शेवटी एक टेप परत मागवली आणि हिशेबाचं फोल्डर उघडून पाहिलं. मित्र म्हणाला, "अरे, बॅकअप यशस्वी म्हणून आलंय की!"

मी म्हटलं, "तेच वाचून एकदा फसलोय."