रमाबाई, पंडिता : ख्रिस्ती श्रद्धा आणि सदसद्विवेक

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. निवाऱ्याच्या गरजेपोटी त्यांनी धर्म बदलला, असा आक्षेप घेतला जातो. पुरावा मात्र उलट आहे. ज्या भगिनीसंघाच्या आश्रयाला त्या होत्या, त्याच संघातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांनी पत्रांतून त्रैक्याच्या सिद्धान्तावर आणि चर्चच्या अधिकारावर वाद घातला. न पटलेले मत केवळ आज्ञेखातर मान्य करणे त्यांना अप्रामाणिक वाटे. सोयीसाठी धर्म बदलणारी व्यक्ती आपल्या आश्रयदात्यांशी असे भांडण ओढवून घेत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रमाबाईंनी १८८९ मध्ये विधवा व मुलींसाठी सुरू केलेल्या शारदा सदन या संस्थेने धार्मिक तटस्थतेची हमी दिली होती. पण रमाबाई खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि तिथे येणाऱ्या मुलींना अडवत नसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले. समाजसुधारक न्या. रानडे व रा. गो. भांडारकर यांनी सदनाचे सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. आश्रित मुलींवर संस्थाचालिकेच्या श्रद्धेचे वजन पडते, हे टीकाकारांचे म्हणणे रास्तच होते. तरीही खोलीचे दार लावून श्रद्धा लपवणे हा रमाबाईंच्या दृष्टीने खोटेपणा ठरला असता, आणि त्याची किंमत त्यांनी उघडपणे मोजली. असाच स्वतंत्र बाणा ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनीही दाखवला : त्यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्त सोडला नाही. ख्रिस्तनिष्ठा म्हणजे मिशननिष्ठा नव्हे, हे या दोघांच्या चरित्रांवरून सिद्ध होते.