सातबाऱ्यामागचा अंगठा

सध्या आमच्या गोतावळ्यात एकच टूम आहे, डहाणू-तलासरीकडे जागा घ्यायची! ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं आणि सगळ्यांना चिकूच्या वाड्या दिसायला लागल्या. कर्ज किती मिळेल, इसार किती द्यायचा, खरेदीखत कधी करायचं... प्रश्नांची नुसती सरबत्ती. म्हटलं, आधी थोडा इतिहास सांगावा.

या भागात जमिनीचे सौदे पूर्वीही कर्जावरच झाले. फक्त तेव्हा कर्ज घेणारा जमीन घालवून बसायचा. इंग्रजी अमलात शेतसारा रोख भरावा लागे. वारल्याकडे रोकड कुठली? मग सावकार. पावसाळ्यात पोटाला खावटी हवी, पुन्हा सावकार. कागद वाचता येत नसे. अंगठा उठला की सौदा पक्का! स्वतःच्याच जमिनीवर तो कूळ होऊन राबायचा. लग्नासाठी कर्ज काढलं तर नवरा-बायको दोघंही सावकाराकडे गहाण. त्यांना 'लग्नगडी' म्हणत.

२३ मे १९४५ ला झरी गावात सुमारे ५,००० वारली जमले आणि शामराव व गोदावरी परुळेकरांच्या साथीने वेठबिगारीला नकार दिला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. जेठ्या गांगड त्यातलाच.

पुढे १९४८ चा कूळकायदा आला. पण खरेदीच्या कागदांनी जमिनी जातच राहिल्या. म्हणून १९७४ च्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याची सोय केली. म्हणजे मिटलेला व्यवहार सरकारनेच पुन्हा उघडला! आणि त्यापुढे, जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे, आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

तेव्हा मंडळी, बँकेचा हप्ता नंतर मोजा. आधी सातबारा आणि जुने फेरफार काढा, मागे कोणाची नावं होती ते वाचा. 'परवानगी नंतर काढू, इसार आत्ता द्या' असं कोणी म्हणालं तर सरळ उठून या. दुसऱ्या कोणाच्या नावावर घेऊन ठेवायची युक्तीही नको. त्यात तुमचे पैसे तर अडकतातच, पण जमीन जाते ती पुन्हा त्याच घराची, ज्याच्या आजोबाचा अंगठा उठला होता.