आपण ‘डार्विनवादी’ आहोत का?

वांद्र्याच्या अभ्यासवर्गात एका पोराने विचारलं, “दादा, ते देव मानतात, आपण डार्विन मानतो. फरक काय?”

जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह (आपल्या मुंबईचे माजी पोलीस आयुक्त!) म्हणाले, डार्विन चूक; माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही. तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून ते खोडलं. तरी ‘वादी’ची चिकटपट्टी आपण स्वतःच लावून घेतो. गुरुत्वाकर्षण मान्य करणाऱ्याला कुणी ‘न्यूटनवादी’ म्हणतं का? ‘डार्विनवाद’ हा शब्द 1860 मध्ये वापरला तो डार्विनच्याच पाठीराख्या हक्स्लेने. तेव्हा डीएनए कुणाला ठाऊक होता? आज पुरावा डार्विनच्या कितीतरी पुढे गेलाय. ‘आंबेडकरवादी’ची गोष्ट वेगळी: समता ही आपण घेतलेली बाजू आहे. उत्क्रांती ही बाजू नव्हे, तपासून पटलेली गोष्ट आहे.

आणि तपासायचं ते विज्ञानाच्या नावावर खपवलेलंही. जातीमुळे रक्त शुद्ध राहतं, वंश सुधारतो, असं सुप्रजननशास्त्राच्या भाषेत सांगणारे होतेच. 1936 च्या ‘जातिनिर्मूलना’त बाबासाहेबांनी विज्ञान झिडकारलं नाही, आनुवंशिकीचे अभ्यासक बेटसन यांचाच आधार घेतला. वर साधा सवाल टाकला: बेटीबंदी रक्तासाठी म्हणता, मग रोटीबंदी कशासाठी? सोबत जेवल्याने रक्त कसं बिघडतं?