हेग, १९१५ : शत्रुराष्ट्रांतल्या बायकांची परिषद

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने क्लोरिन वायू सोडला. त्यानंतर सहाच दिवसांनी, तिथून दोनशे किलोमीटरही दूर नसलेल्या हेग शहरात, प्राणिसंग्रहालयाच्या मोठ्या सभागृहात बारा देशांतल्या अकराशेहून अधिक स्त्रिया जमल्या आणि युद्ध कसं थांबवायचं यावर चार दिवस खल करत बसल्या. बहुसंख्य अर्थातच डच होत्या. पण अठ्ठावीस जणी जर्मनीहून आल्या होत्या, हंगेरीच्याही होत्या आणि अध्यक्षस्थानी शिकागोच्या जेन अ‍ॅडम्स होत्या. इतिहासाच्या पुस्तकांत या परिषदेला जागा मिळालीच तर दोन ओळींची मिळते, आणि त्यांतही कौतुकापेक्षा कीव जास्त असते : बिचाऱ्या बायका, मायेच्या बळावर तोफा थंड करायला निघाल्या. हा निवाडा पुराव्याला धरून नाही. भाषणांत आईपणाचे दाखले होते, हे खरं. पण परिषद उभी राहिली ती नियम, पैसा आणि राजकीय हिशेब यांच्या जोरावर. आणि सरकारांनी तिची वाट अडवली तीही त्यामुळेच.

मुळात १९१५ साली आंतरराष्ट्रीय स्त्री मताधिकार संघटनेचं अधिवेशन बर्लिनला व्हायचं होतं. युद्धामुळे ते बारगळलं, तेव्हा डच डॉक्टर अलेटा याकोब्स यांनी सगळ्यांना हॉलंडला बोलावलं. संघटनेने अधिकृतपणे अंग काढून घेतलं, म्हणून बायकांनी आपापल्या जबाबदारीवर परिषद घ्यायचं ठरवलं. फेब्रुवारीत आम्स्टरडॅमला पूर्वतयारीची बैठक झाली आणि खर्चाची हमी ब्रिटिश, डच आणि जर्मन स्त्रियांनी मिळून घेतली. यांतल्या दोन देशांचे पुरुष खंदकांत एकमेकांवर गोळ्या झाडत असताना त्याच देशांच्या बायकांनी सामाईक हिशेब मांडावा, ही गोष्ट माझ्या मते कुठल्याही ठरावाहून मोठी आहे. सहभागासाठी अटी दोनच : आंतरराष्ट्रीय तंटे शांततेच्या मार्गाने सुटावेत आणि स्त्रियांना मताधिकार मिळावा, हे मान्य असलं पाहिजे. शिवाय सभेचा एक नियम होता. हे युद्ध कोणी सुरू केलं आणि कोण ते कसं लढतंय, यावर व्यासपीठावरून चर्चा करायची नाही. हा नियम नसता तर परिषद पहिल्याच तासात मोडली असती.

तिथवर पोचणं हीच परीक्षा होती. ब्रिटनमधल्या १८० जणींना यायचं होतं. सरकारने परवानगी दिली २४ जणींना, आणि मग उत्तर समुद्रातली प्रवासी वाहतूकच बंद झाली. शेवटी व्यासपीठावर तीनच ब्रिटिश स्त्रिया होत्या : दोघी आधीच हॉलंडमध्ये होत्या आणि तिसरी अमेरिकेहून आलेली. अमेरिकन मंडळींचं ‘नूरडॅम’ जहाज इंग्लिश किनाऱ्यापाशी चार दिवस अडकवून ठेवलं गेलं. जर्मनव्याप्त बेल्जियममधून पाच जणी आल्या. त्या सरहद्दीवरच्या एस्सेनपर्यंत मोटारीने आल्या, तिथे त्यांची अंगावरचे कपडे उतरवून झडती झाली, मग दोन तास पायपीट करून त्यांनी हद्द ओलांडली आणि रोझेंडालला आगगाडी पकडली. नुसत्या भाबड्या भावनेचीच भीती असती, तर सरकारांनी एवढा बंदोबस्त केला नसता.

परिषदेवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप फ्रेंच स्त्रियांचा. आमच्या भूमीवर शत्रू ठाण मांडून बसलेला असताना दोष कोणाचा हे न विचारता तहाची भाषा करणं म्हणजे आक्रमकाला पाठीशी घालणं, असं त्यांच्या संघटनांचं म्हणणं होतं आणि त्या आल्या नाहीत. हा राग खोटा नव्हता. दोषाचा प्रश्न बाजूला ठेवण्याची किंमत पीडिताला जास्त मोजावी लागते, हे मान्यच करायला हवं. तरी ठरावांकडे पाहा. कोणताही प्रदेश तिथल्या स्त्री-पुरुषांच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या ताब्यात देऊ नये, असं परिषदेने म्हटलं; म्हणजे बेल्जियम गिळू पाहणाऱ्या बर्लिनलाच नकार दिला. आणि तो देणाऱ्यांत लिडा गुस्टावा हाइमान, अनिता ऑग्सपुर्ग अशा जर्मन स्त्रिया होत्या. नियम चर्चेपुरता होता. निष्कर्षाला त्याने बांधून ठेवलं नव्हतं.

दुसरा आक्षेप सोपा : युद्ध थांबलं नाही, मग उपयोग काय? इथे हंगेरीच्या रोझिका श्विमर यांचा ठराव आठवायला हवा. कागद टपालाने न पाठवता शिष्टमंडळांनी तो हाती घेऊन राजधान्यांत जावं, अशी त्यांची सूचना होती. खुद्द अ‍ॅडम्स यांनाही ती पटायला जड गेली. तरी मे महिन्यापासून दोन पथकं निघाली : एक लंडन, बर्लिन, व्हिएन्ना, बुडापेस्ट, रोम, पॅरिसकडे, दुसरं स्कँडिनेव्हिया आणि रशियाकडे. मागणी नेमकी होती. तटस्थ देशांनी युद्धविरामाची वाट न पाहता मध्यस्थ मंडळ बसवावं आणि दोन्ही बाजूंकडे सतत प्रस्ताव पाठवत राहावं. ऑस्ट्रियाचे पंतप्रधान श्ट्युर्क यांच्यापुढे अ‍ॅडम्स संकोचाने म्हणाल्या की आमचं येणं आपल्याला वेडेपणाचं वाटत असेल. तेव्हा टेबलावर मूठ आपटून त्यांनी, या खोलीत दहा महिन्यांत आलेलं हे पहिलं शहाणपणाचं बोलणं आहे, अशा अर्थाचं उत्तर दिल्याचं अ‍ॅडम्स यांनी नोंदवलं आहे. जवळपास सगळीकडे एकच सूर निघाला : तटस्थांनी पुढाकार घेतला तर आमची हरकत नाही, पण आम्ही आधी तोंड उघडलं तर दुबळे ठरू. अडसर कुठे आहे ते बायकांनी दारोदार जाऊन शोधून काढलं. तो दूर करण्याची ताकद असलेले अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन थांबून राहिले आणि १९१७ मध्ये स्वतःच युद्धात उतरले. या अपयशाचं खापर हेगवर फोडणं न्यायाचं नाही. विल्सन यांच्या १९१८ च्या चौदा कलमांत गुप्त तहांना विरोध, शस्त्रकपात, राष्ट्रांचा संघ हे मुद्दे दिसतात. ते हेगच्या ठरावांतही होते. इतर गटही तेच मांडत होते, म्हणून सगळं श्रेय हेगला देता येणार नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. संमतीचं तत्त्व परिषदेने वसाहतींना नाव घेऊन लावलं नाही. आशिया-आफ्रिकेतल्या बायका त्या सभागृहात नव्हत्या, आणि त्यांचे मुलगे मात्र युद्धात होते. परिषदेला बरोबर वर्ष होत असताना, २९ एप्रिल १९१६ रोजी, टायग्रिसकाठच्या कुत इथे उपासमारीने टेकीला आलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेने तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. त्या शिपायांच्या घरच्यांना संमती विचारणारा ठराव हेगमध्ये झाला नव्हता.

मे १९१९ मध्ये याच स्त्रिया झुरिचला पुन्हा भेटल्या. पॅरिसच्या तहपरिषदेत हरलेल्यांना बसायला जागा नव्हती, म्हणून मुद्दाम तटस्थ शहर निवडलं. जर्मनी-ऑस्ट्रियातून आलेल्या मैत्रिणी नाकेबंदीच्या उपासमारीने ओळखू येऊ नयेत इतक्या सुकल्या होत्या. व्हर्सायच्या अटी नुकत्याच जाहीर झाल्या होत्या. त्या पुढच्या युद्धाची बीजं पेरत आहेत, असं जाहीरपणे म्हणणाऱ्या पहिल्या संघटनांत या बायका होत्या. यावेळी विजेत्या देशांच्या बायका आपल्याच सरकारांविरुद्ध बोलत होत्या, त्यामुळे १९१५ चा पक्षपाताचा आरोपही उरला नाही. शांतता आणि स्वातंत्र्यासाठीची स्त्रियांची आंतरराष्ट्रीय लीग हे नाव तिथेच ठरलं आणि ती संस्था आजही काम करते.

किंमत प्रत्येकीने वेगळी मोजली. अर्थशास्त्राच्या प्राध्यापक एमिली बॉल्च यांची वेलस्ली कॉलेजातली नोकरी गेली. १९४६ चं नोबेल शांतता पारितोषिक त्यांना पुढे मिळालं. अ‍ॅडम्स यांना ते १९३१ मध्ये मिळालं होतं. हाइमान आणि ऑग्सपुर्ग १९३३ मध्ये हिटलर आल्यावर परागंदा झाल्या आणि जर्मनीला परतल्या नाहीत. श्विमर यांनी अमेरिकेचं नागरिकत्व मागितलं, पण देशासाठी शस्त्र उचलीन असं त्या लिहून देईनात. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या बाईला कोणी रणांगणावर धाडणार नव्हतं, तरी १९२९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचं निधन झालं, तेव्हा त्या कोणत्याच देशाच्या नागरिक नव्हत्या.