प्रतिज्ञेची कुळकथा

शाळेच्या पटांगणात उजवा हात समोर धरून, तळवा जमिनीकडे करून, मुले रोज सकाळी जी प्रतिज्ञा म्हणतात, ती विशाखापट्टणमच्या जिल्हा खजिन्याचे अधिकारी पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली, म्हणजे चीनने आक्रमण केले त्याच वर्षी, आपल्या मातृभाषेत, तेलुगूत, लिहिली. पुढच्या वर्षी ती तिथल्या एका शाळेत म्हटली गेली. आणि १९६४ मध्ये बंगळूर येथे भरलेल्या केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाच्या बैठकीने ती देशभरच्या शाळांत २६ जानेवारी १९६५ पासून सुरू करण्याचे ठरविले. बैठकीचे अध्यक्ष महंमद करीम छागला हे पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, आणि १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा त्याच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात मोडत असे. पुढे ज्या म्हैसूर राज्यात हा मुलूख घातला गेला, त्याच्याच राजधानीत हा ठराव झाला. पण प्रतिज्ञेत ना कोणत्या राज्याचे नाव होते, ना भाषेचे, म्हणून हा मुलूख महाराष्ट्रात यावा यासाठी चाललेल्या सीमालढ्याच्या ऐन धामधुमीतही ती म्हणताना इथल्या मराठी मुलाला घरच्या निष्ठेशी प्रतारणा करावी लागली नाही.

तीत ईश्वराचेही नाव नाही, आणि ही उणीव आहे असे मनापासून मानणारे सज्जन पुष्कळ आहेत. अमेरिकेची प्रतिज्ञा १८९२ साली फ्रान्सिस बेलामी या धर्मोपदेशकाने लिहिली, तरी तीतही ईश्वर नव्हता. साम्यवादाशी शीतयुद्ध जुंपले असताना, १९५४ साली, तो कायद्याने घालण्यात आला. आपल्याकडे हा प्रश्न त्याआधीच उभा राहिला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी राज्यघटनेच्या उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा अशी दुरुस्ती हरि विष्णु कामत यांनी घटनासभेत मांडली. हृदयनाथ कुंझरू यांनी तिला विरोध केला, आणि ६८ विरुद्ध ४१ मतांनी ती फेटाळली गेली.

त्या निर्णयाचे मोल बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीच्या एखाद्या वर्गात बसल्यावाचून पुरते उमगणार नाही. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या आईचे लेकरू, सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलणाऱ्या घरातली मुलगी, इष्टलिंग धारण करणारा लिंगायत, नमाजी बापाचा मुलगा, आणि ज्याच्या दर्शनात सृष्टिकर्ता ईश्वरच नाही असा शेतकरी जैनाचा वा बौद्धाचा मुलगा हे सारे एकाच बाकावर बसतात. यांपैकी कोणाचा ईश्वर प्रतिज्ञेत घालावयाचा? ‘ईश्वर’ म्हटले तर जैन आणि बौद्ध बाहेर राहतात, आणि विशिष्ट नाव घेतले तर बाकीचे.

आमदाराला शपथ घेताना ईश्वराला साक्षी ठेवण्याची किंवा गांभीर्याने दृढकथन करण्याची मुभा राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीने दिली आहे. रांगेत उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या मुलाला अशी मुभा नसते. गुरुजींच्या नजरेखाली आणि भोवतीच्या सगळ्या वर्गाच्या आवाजात एकट्याने त्या एका शब्दापाशी तोंड मिटून उभे राहावे, अशी अपेक्षा त्याच्याकडून करणे मला अन्यायाचे वाटते. ज्या शाळेत प्रार्थना होते तिथे ती स्वतंत्रपणे होवो. प्रतिज्ञेचा मजकूर मात्र सुब्बारावांच्या हातून उतरला तसाच राहू द्यावा.