भार कुणाचा, रूप कुणाचे?

आठवी-नववीच्या वर्गात मुलांना 'प्राचीन रोममधली एखादी इमारत काढा' असे सांगितले, तर बहुतेक जण ओळीने खांब काढतील, त्यांवर आडवी तुळई आणि वर त्रिकोण. चित्र चुकीचे नाही, पण ते मुळात ग्रीकांचे आहे. ग्रीक देवळातले खांब खरोखरच छप्पर पेलतात. रोमन इमारतीत खांब दिसला, की आपण आधी एक प्रश्न विचारावा : हा खांब काढून घेतला तर काय पडेल? अनेकदा उत्तर येते, काहीच नाही.

कलोसियमच घ्या. सम्राट व्हेस्पेशियनने ते इ. स. ७२ च्या सुमारास बांधायला घेतले आणि त्याचा मुलगा टायटस याने इ. स. ८० मध्ये ते खुले केले. बाहेरची भिंत सुमारे ४८ मीटर उंच. खालच्या तीन मजल्यांवर प्रत्येकी ८० कमानी, आणि दर दोन कमानींच्या मधे भिंतीतून अर्धाच बाहेर आलेला एक खांब. तळमजल्यावर हा अर्धस्तंभ अगदी साधा आहे, दुसऱ्या मजल्यावर त्याच्या माथ्याला दोन्ही बाजूंनी गुंडाळलेले वळसे आहेत, तिसऱ्यावर पानांची नक्षी. सारा भार वाहतात त्या कमानी आणि कमानींना आधार देणारे जाडजूड चौकोनी पिलर. अर्धस्तंभ आहेत ते डोळ्यांसाठी. वहीच्या कोऱ्या कागदावर समास आणि ओळी आखाव्यात, तशी ती प्रचंड भिंत त्यांनी आखून दिली आहे.

असे का करावे लागले, हे समजायला थोडे भौतिकशास्त्र हवे. दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र त्याला सोसत नाही. दोन खांबांवर आडवी शिळा टाकली, की तिच्या वरच्या अंगाला दाब बसतो आणि खालच्या अंगाला ताण. (वर्गात एका जाड खोडरबराला वर आणि खाली ब्लेडने बारीक चीर द्यावी आणि ते किंचित वाकवावे. वरची चीर मिटते, खालची उघडते.) म्हणून दगडी तुळई फार लांब टाकता येत नाही आणि खांब दाटीवाटीने उभे करावे लागतात. कमानीत मात्र प्रत्येक दगड शेजारच्याला रेटत असतो; तिथे जवळजवळ सगळा मामला दाबाचा. कमान रोमनांनी शोधली नाही, पण तिच्यावर एवढा भरवसा त्यांच्याआधी कुणी टाकला नव्हता.

दुसरी मदत जमिनीतून आली. चुनखडी भाजली की कळीचा चुना मिळतो. त्यात पाणी घातले की तो फसफसतो, तापतो आणि विरतो. हा विरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो. अडचण अशी, की जाड भिंतीच्या पोटात हवा पोचत नाही. तिथला चुना वर्षानुवर्षे मऊच राहतो. व्हेसुव्हियसच्या आणि नेपल्सच्या आखाताच्या परिसरात जी ज्वालामुखीची राख मिळते, तिच्यातली सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी संयोग पावतात, आणि हा संयोग पाण्याखालीही होतो. चुना, राख, पाणी आणि दगडांचे तुकडे : हे रोमन काँक्रीट. त्यात पांढऱ्या चुन्याचे खडे जागोजागी दिसतात. ते वाईट कालवणीचे लक्षण मानले जात असे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मात्र असे दाखवले, की कळीचा चुना गरम असतानाच कालवल्याने हे खडे राहतात. पुढे भिंतीला बारीक तडा गेला आणि आत पाणी शिरले, तर त्यातला चुना विरघळून तडा बुजवू शकतो.

या काँक्रीटला स्वतःचे रूप नाही. विटांच्या किंवा लहान दगडांच्या दोन पातळ भिंती उभारायच्या आणि मधे हा लगदा दगडगोट्यांसह भरायचा, अशी पद्धत. बाहेरच्या दगडांची मांडणी कधी कधी मोठी देखणी असे. चौकोनी तोंडाचे छोटे दगड तिरपे बसवून शंकरपाळ्यांसारखी जाळी केलेली असे. इ. स. पूर्व पहिल्या शतकात वास्तुशास्त्रावर दहा भागांचा ग्रंथ लिहिणाऱ्या व्हिट्रुव्हियसला ही जाळी पसंत नव्हती. दिसायला छान, पण सांधे सर्व दिशांना सुटे पसरलेले असल्याने हिला तडे जातात, असे तो बजावतो. त्याचे भाकीत काही तितकेसे खरे ठरले नाही. अशा पुष्कळ भिंती आजही उभ्या आहेत. आणि गंमत म्हणजे एवढ्या मेहनतीने केलेली ही नक्षीही बहुधा गिलाव्याखाली झाकून टाकली जाई.

म्हणजे भार पेलणारे अंग वेगळे आणि दिसणारे वेगळे. गवंड्याचे काम जिथे संपते, तिथे गिलावा करणारे आणि रंगारी यांचे सुरू होते. त्यांचा व्यवसाय किती काटेकोर होता, तेही व्हिट्रुव्हियसनेच लिहून ठेवले आहे. पहिल्या खडबडीत थरावर वाळू-चुन्याचे तीन थर, त्यांवर संगमरवराच्या भुकटीचे तीन थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा बारीक, आणि शेवटी आरशासारखी घोटाई. पॉम्पेईतल्या भिंतींवर इतके थर क्वचितच सापडतात. तत्त्व मात्र तेच : गिलावा ओला असतानाच रंग लावायचा, म्हणजे चुना घट्ट होताना रंगाचे कण त्याच्यात अडकून बसतात. रंग भिंतीवर नसतो, भिंतीत असतो. म्हणून एका वेळी तेवढाच भाग लिंपायचा, जेवढा वाळण्याआधी रंगवून होईल. आणि काम वरून खाली न्यायचे, म्हणजे खालच्या चित्रावर शिंतोडे उडत नाहीत. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा पॉम्पेईच्या एका घरात रंगारी कामावरच होते. त्या खोलीत भिंतीचा वरचा भाग पूर्ण आहे, मधल्या पट्ट्यात मुख्य चित्राच्या जागी नुसत्या कच्च्या रेघा आहेत, आणि रंगांची भांडी व चुना तिथेच पडलेला आहे.

रंगांतही सगळ्यांत मानाचा रंग हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड. ते स्पेनमधून येई आणि अतिशय महाग असे. त्यामुळे असे भारी रंग घरमालकाने स्वतः आणून द्यायचे असा रिवाज होता. त्यावर रंगाऱ्यांनी काढलेला तोडगा प्लिनीने नोंदवला आहे : रंगाने भरलेला कुंचला वरचेवर पाण्यात धुवायचा. हिंगूळ जड, तळाशी बसतो. संध्याकाळी पाणी ओतून दिले की तळातला रंग आपला. मालकालाही या रंगाने फसवले आहे. फाबेरियस नावाच्या एका कारकुनाने अव्हेंटाइन टेकडीवरच्या आपल्या घराचे उघड्या चौकाभोवतीचे सोपे हिंगुळाने रंगवून घेतले. तीस दिवसांत ऊन लागून रंग काळवंडला आणि बिचाऱ्याला दुसऱ्या रंगांचे कंत्राट नव्याने द्यावे लागले. उपाय म्हणून व्हिट्रुव्हियस तेल घातलेल्या मेणाचा लेप सुचवतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सुरुवातीला पॉम्पेईच्या भिंतींवर गिलाव्यातच संगमरवराच्या लाद्यांचा भास करीत. इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुरुवातीपासून खांब, सज्जे, दरवाजे रंगवून भिंत उघडल्याचा भास करू लागले. आणि शतकाच्या अखेरीस खांबांच्या जागी बोरूच्या काड्या आल्या, दिव्यांच्या नाजूक समयांवर अख्खी देवळे तोलली गेली, देठांवर माणसांचे अर्धे पुतळे उमलू लागले. व्हिट्रुव्हियस यावर भयंकर चिडला. बोरूची काडी छप्पर कशी पेलणार? असे काही जगात नाही, असू शकत नाही, आणि लोक ते पाहून खूश होतात, अशी त्याची तक्रार. आपल्या बाजूने तो एक गोष्टही सांगतो. ट्रॅलीस गावी अपाटुरियस या कलावंताने नाट्यगृहाच्या पडद्यावर छपरावर पुन्हा खांब आणि त्यांवर पुन्हा छप्पर अशी रचना रंगवली. लोक टाळ्या वाजवणार, एवढ्यात लिसिम्नियस नावाचा गणितज्ञ पुढे आला आणि त्याने विचारले, कौलांवर घर बांधलेले कुणी पाहिले आहे काय? अपाटुरियसला ते चित्र बदलावे लागले.

व्हिट्रुव्हियसचा राग सहसा जुन्या वळणाच्या माणसाची कुरकुर म्हणून सोडून दिला जातो. आम्हाला तो जास्त गंभीर वाटतो. खोट्याला त्याचा विरोध नव्हता; रंगवलेला संगमरवर आणि रंगवलेले खांब त्याला चालत होते. त्याची अट एवढीच, की खोटा खांब असा असावा जो खरा असता तर उभा राहिला असता. डोळ्यांनी भाराचा हिशेब करता आला पाहिजे.

पण हा हिशेब पुढे खुद्द बांधकामानेच चुकवला, आणि तो रोममधल्या सर्वांत सुंदर इमारतीत. पँथिऑनचा घुमट आतून ४३ मीटरांहून थोडा अधिक रुंद आहे आणि जमिनीपासून त्याच्या माथ्याची उंचीही तितकीच. माथ्यावर जवळपास ९ मीटर व्यासाचे उघडे भोक. आत उभे राहून पाहिले तर हे सारे कशावर उभे आहे ते कळत नाही. खाली ट्युनिशियातला पिवळा संगमरवर, तुर्कस्तानातला जांभळ्या रेघांचा, इजिप्तमधला तांबडा दगड. साम्राज्याच्या नकाशावरून बोट फिरवावे तशी भिंत. हे पातळ पत्रे आहेत. दगड कापायची करवत नावाचीच. प्लिनी सांगतो की कापण्याचे काम तिच्याखाली घातलेली वाळू करते. कोनाड्यांपुढे सुंदर खांब आहेत, पण खरा भार त्यांच्या मागचे आठ अवजड पिलर घेतात. सहा मीटर जाडीची ती भिंत आतून जागोजागी पोकळ आहे, आणि तिच्या विटांत दडवलेल्या मोठमोठ्या कमानी भार त्या आठ ठिकाणी नेऊन सोडतात.

घुमटातही हेच. आतले चौकोनी खळगे पाच ओळींत, प्रत्येक ओळीत २८. खालचे विभाग आठ. २८ ला ८ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे वरच्या रेषा खालच्या रेषांशी चारच ठिकाणी जुळतात आणि घुमट खालच्या भिंतीपासून सुटून तरंगल्यासारखा वाटतो. खळग्यांमुळे वजन थोडे कमी होते. मोठी बचत आहे ती न दिसणारी : काँक्रीटमध्ये तळाशी जड दगड, वर जावे तसे हलके, आणि माथ्याजवळ सच्छिद्र ज्वालामुखीचा खडा, जाडीही तळाशी सुमारे सहा मीटर, माथ्याशी दीडहून कमी. तरीही तळाजवळ ताण येतोच. घुमटाला उभ्या चिरा गेल्या आहेत, आणि आज तो प्रत्यक्षात गोलाकार मांडलेल्या कमानींसारखा वागतो.

बाहेरून पँथिऑनचे कातडे काळाने सोलले. इ. स. ६६३ मध्ये सम्राट दुसरा कॉन्स्टान्स याने घुमटावरचे सोनेरी मुलाम्याचे कांस्यपत्रे काढून नेले. भिंतीचा गिलावाही गळून गेला. म्हणून आज रस्त्यावरून त्या विटांच्या कमानी दिसतात. ज्यांनी त्या बांधल्या त्यांनी त्या कुणी पाहाव्यात अशी अपेक्षा केलेली नव्हती.

दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, की ही इमारत अग्रिप्पाने तिसऱ्यांदा कॉन्सल असताना, म्हणजे इ. स. पूर्व २७ मध्ये बांधली. शतकानुशतके विद्वानांनी त्यावर विश्वास ठेवला. १८९२ मध्ये जॉर्ज शेदान या फ्रेंच वास्तुविशारदाने भिंतीच्या आतल्या विटा तपासल्या. रोमन विटांवर भट्टीचा शिक्का असे, कधी त्या वर्षाच्या कॉन्सलांची नावेही. सापडलेल्या शिक्क्यांवरून इमारत अग्रिप्पानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, ट्रेजनच्या अखेरच्या आणि हेड्रियनच्या सुरुवातीच्या काळात बांधली गेल्याचे निश्चित झाले. अग्रिप्पाचे देऊळ आधीच जळून गेले होते. दर्शनी भागावरचे नाव मात्र अजूनही त्याचेच आहे.