पक्षाघात व रक्तदाब

मेंदूला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत अडथळा आल्यामुळे किंवा ती फुटल्यामुळे मेंदूच्या एखाद्या भागाचे कार्य एकाएकी थांबते. त्यातून उद्भवणाऱ्या विकारास पक्षाघाताचा झटका म्हणतात. बोलीभाषेत त्याला अर्धांगवायू किंवा लकवा अशी नावे आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संपन्न देशांत या विकाराचे प्रमाण लक्षणीय रीतीने घटले. १९७० ते २००८ या काळातील पाहण्यांचा एकत्रित आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार संपन्न देशांत नव्या रुग्णांचे प्रमाण ४२ टक्क्यांनी उतरले, तर अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ते दुपटीहून अधिक झाले. या तफावतीच्या मुळाशी इतर कारणांबरोबर रक्तदाबाचे नियंत्रण हे प्रमुख कारण आहे.

रक्तदाबाचा संबंध : रक्तदाब दीर्घकाळ वाढलेला राहिल्यास मेंदूतील सूक्ष्म रोहिण्यांच्या भित्ती जाड होतात. त्यांची पोकळी अरुंद होऊन रक्तप्रवाह खंडित होतो किंवा दुर्बल झालेली भित्ती फुटते. मोठ्या रोहिण्यांचे काठिण्यही त्यामुळे वाढते. ४० ते ६९ वर्षे वयोगटात आकुंचनी दाब पाऱ्याच्या २० मिमी.ने अधिक असल्यास पक्षाघाताने मृत्यू येण्याचा धोका दुपटीहून अधिक होतो, असे सु. दहा लाख व्यक्तींवरील निरीक्षणांच्या २००२ मधील विश्लेषणात आढळले. वाढलेला दाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. म्हणून तो मोजल्याशिवाय कळत नाही.

इतिहास : मृतांच्या मेंदूत रक्तस्राव आढळतो, हे स्विस वैद्य योहान याकोप व्हेप्फर यांनी १६५८ मध्ये दाखविले. स्टीव्हन हेल्झ यांनी घोड्याच्या रोहिणीत नळी घालून केलेले रक्तदाबाचे मापन १७३३ मध्ये प्रसिद्ध केले. माणसाचा दाब सहज मोजता येईल असा बाहुपट्टा शीप्योने रीव्हा-रोत्ची यांनी १८९६ मध्ये तयार केला आणि १९०५ मध्ये न्यिकलाय करोत्कॉव्ह यांनी श्रवणनलिकेने नाद ऐकण्याची पद्धत दिली. मापन साध्य झाले, तरी परिणामकारक औषध नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांचा अतिरक्तदाब वैद्यांना ठाऊक होता. तथापि १९४५ मध्ये ते मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावले.

ही उणीव भरून काढण्यात मुंबईचा वाटा आहे. सर्पगंधा या वनस्पतीचा उपयोग भारतीय वैद्यकात पूर्वीपासून होता. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील रुस्तम जाल वकील यांनी अतिरक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील तिच्या उपयोगाचा अहवाल १९४९ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पीन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस यांनी केलेल्या चाचणीत रेसर्पीन हे तीन औषधांपैकी एक होते. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत औषध न मिळालेल्या गटात २०, तर औषध घेणाऱ्या गटात केवळ ५ जणांना पक्षाघात झाला. मनोविषण्णतेसारख्या दुष्परिणामांमुळे रेसर्पीन मागे पडले. मूत्रल व इतर औषधे पुढे आली.

घटीची कारणे : अमेरिकेत पक्षाघाताने होणारे मृत्यू औषधांपूर्वीच कमी होऊ लागले होते, म्हणून सर्व श्रेय औषधांना देता येत नाही. आहार, धूम्रपान व राहणीमान यांतील बदलही विचारात घ्यावे लागतात. मात्र १९७२ मध्ये तेथे रक्तदाबविषयक राष्ट्रीय शिक्षण-कार्यक्रम सुरू झाला, त्याच दशकात घटीचा वेग वाढला. जपानमध्ये १९५१ ते १९८० पर्यंत पक्षाघात हे मृत्यूचे पहिले कारण होते. तेथील आकिता प्रांतात १९६३ पासून एका ग्रामीण वस्तीत तपासणी, औषधोपचार व कमी मिठाचा प्रचार नेटाने करण्यात आला. तुलनेच्या वस्तीपेक्षा तेथील पुरुषांत पक्षाघात अधिक घटला. गुठळी विरघळविणारा उपचार १९९५ नंतर रूढ झाला. तोवर घट बरीच झालेली होती.

महाराष्ट्र : मुंबईतील २००५-०६ च्या पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला १४५ व्यक्तींना पक्षाघात झाल्याचे आढळले. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाले होते. मृत्यूचे ते पहिले कारण ठरले. हा केवळ शहरी, सुखवस्तू लोकांचा रोग आहे, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्यकार्य बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने उभे राहिले. तेथे २००२ पासून २२ गावांच्या लोकसंख्येची सातत्यपूर्ण नोंद ठेवण्यात येऊ लागली. २००५ मध्ये आशियातील नऊ ग्रामीण क्षेत्रांत रक्तदाबासह असांसर्गिक रोगांची धोकाकारणे मोजण्यात आली, त्यांत वढूचा समावेश होता. २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांच्या २५ जिल्ह्यांत सरकारी आरोग्यकेंद्रांतून अतिरक्तदाब-नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला.

बाहुपट्टा स्वस्त आहे व औषधेही महाग नाहीत. अडचण सातत्याची आहे. याच तालुक्यातील केंदूरसारख्या गावात काहीही दुखत नसताना शेतकऱ्याने दाब मोजून घेणे, गोळी रोज घेणे आणि ती जवळच्या केंद्रात खंड न पडता मिळणे, या तीन गोष्टी साधल्या तरच संपन्न देशांतील घट येथेही घडून येऊ शकेल.